फिर्यादीतलं बकऱ्याचं कातडं

नोकरी संपून बरीच वर्षं झाली. किती गुन्हे उघड केले आणि किती तसेच राहिले, याचा हिशोब मी आता ठेवत नाही. पण लातूरची एक घरफोडी मनातून जात नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नव्हत्या. गेलं होतं एक जुनं कातडी जॅकेट. तरीही थंडीच्या दिवसांत सकाळी कुणी जाड जॅकेट घालून स्कूटरवर जाताना दिसलं, की मला ती दोन माणसं आठवतात आणि हातातला चहा निवून जातो.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. ठाण्यासमोर कडुलिंबाचं मोठं झाड होतं आणि त्याखाली जप्तीच्या मोटारसायकली गंजत पडलेल्या असत. सकाळची हजेरी, रात्रगस्तीचा अहवाल, लॉकअपची पाहणी आणि मग पहिला चहा, असा आमचा दिवस सुरू व्हायचा. लग्नसराई म्हणजे आमच्यासाठी घरफोड्यांचा हंगाम. माणसं दाराला कुलूप लावून गावी जातात, शेजाऱ्याला सांगायला विसरतात, आणि मग आमच्याकडे येऊन शेजारी कसा चांगला नाही हे सांगत बसतात.

अशाच एका सकाळी दोन बायका आल्या. एक निवृत्त शिक्षिका, साठीच्या. दुसरी त्यांची सासू, ऐंशी कधीच ओलांडलेली, कानाने अधू, पण पाठीचा कणा ताठ. चाकूरकडच्या गावी भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. परत आल्या तर कडी उचकटलेली. तांब्याची भांडी, चांदीचं निरांजन आणि एक लोखंडी पेटी गेली होती. चांदीबद्दल दोघीही फारसं बोलल्या नाहीत. पेटीत काय होतं विचारलं, तेव्हा बाईंचा आवाज बदलला.

"त्यात यांचं जॅकेट होतं, साहेब. बाकीचं नाही मिळालं तरी चालेल."

"हे" म्हणजे त्यांचे यजमान. हवाई दलात विमानांची दुरुस्ती करायचे. एका वैमानिक साहेबाने बदली होऊन जाताना आपलं जुनं जॅकेट त्यांना दिलं होतं. त्या साहेबालाही ते कुणा वडीलधाऱ्याकडून मिळालेलं. उत्तरेच्या थंडीत ते त्यांनी वर्षानुवर्षं वापरलं. निवृत्त होऊन लातूरला आले, इथे तशी थंडी कुठली, तरी पौषातल्या चार सकाळी ते घालून स्कूटरवर मंडईत जायचे आणि घामाघूम होऊन परतायचे. हे सांगताना बाई हसल्या. ते वारल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. घराण्याचं दैवत खंडोबा. चंपाषष्ठीला सासूबाई लेकाचं जॅकेट पेटीतून काढून देवासमोर ठेवायच्या आणि दिवसभर ते तिथेच असायचं.

ठाणे अंमलदाराने वर्णन लिहायला घेतलं. तपकिरी रंग, पुढे चेन, मनगटाला आणि कमरेला विणलेली लोकरी पट्टी. त्याने विचारलं, "कातडं कशाचं?"

बाई जराशा थांबल्या. बाकावरून सासूबाईच बोलल्या, "बकऱ्याचं. माज्या लेकानं सांगितलंय."

"हो. बकऱ्याचं," बाई म्हणाल्या आणि फिर्यादीवर सही केली. फोटो मागितला तर एक मिळाला. त्यात ते स्कूटरवर बसलेले, गळ्याला मफलर गुंडाळलेला, आणि फोटो इतका पुसट की चेहराच ओळखू येईना, तिथे जॅकेटची कॉलर काय दिसणार.

माझ्या शोध पथकात एक जुने हवालदार होते. तळहातावर तंबाखू मळत बोलायची त्यांची सवय. वरिष्ठ आले तरी त्यांची चुन्याची डबी खिशात जात नसे, आणि मीही कधी हरकत घेतली नाही, कारण शहरातला निम्मा कामाचा माणूस त्यांच्याकडे तंबाखू मागायला यायचा. तशाच एकाने त्यांना सांगितलं, की एक जण मोडीच्या दुकानात तांब्याची घंगाळं घेऊन आला होता आणि भाव न करताच देऊन गेला. स्वतःची भांडी विकणारा माणूस भाव करतो. हवालदारांनी दोन दिवसांत त्याला ठाण्यात आणून बसवलं.

"साहेब, भांड्यांचं सगळं कबूल करून राहिला," ते मला म्हणाले, "पर जॅकेटचं नाव काढलं की गप."

मी आत गेलो. मारझोड करून माल निघतो असं समजणारे अधिकारी तेव्हाही होते. माझा अनुभव वेगळा. चोर ज्या वस्तूला किमती समजतो तिच्याबद्दल खोटं बोलतो, टाकाऊ वस्तूबद्दल खरं बोलतो. मी त्याला चहा दिला आणि जॅकेटचा विषयच काढला नाही. म्हटलं, "एवढी जड लोखंडी पेटी एकट्याने कशी नेलीस रे?"

"पेटी न्हाई नेली, साहेब. नाल्यात टाकली. आत नुस्ता एक कोट व्हता, वास मारणारा. नांदेडला एक जुन्या वस्तूवाला हाय, त्यानं घेतला." मग स्वतःच आश्चर्याने म्हणाला, "लई खूश झाला व्हता बगा."

नांदेडचं ते दुकान मला अजून आठवतं. बंद पडलेली घड्याळं, पितळी दिवे, जुने कॅमेरे. दुकानदार चाळिशीचा, बोलण्यात गोड. आतल्या भिंतीवर तीन तपकिरी कातडी जॅकेटं टांगलेली. चोराला समोर उभं केलं तर तो तिन्हींकडे बघत राहिला. म्हणाला, "सगळी सारखीच दिसतात की."

मी फिर्यादीतलं वर्णन वाचून दाखवलं. "बकऱ्याचं" हा शब्द ऐकताच दुकानदाराने चटकन हात वर करून कॉलरला लोकर असलेलं जॅकेट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे बघा साहेब, अस्सल बकरा. चोरीचं असेल तर मला काय माहीत? घेऊन जा. माझी काही तक्रार नाही."

माझ्या उभ्या नोकरीत मुद्देमाल इतक्या आनंदाने देणारा माणूस मी पाहिला नव्हता. माणूस एखादी वस्तू सहज सोडतो, तेव्हा दुसरी कुठली तरी धरून ठेवायची असते. मी तिन्ही जॅकेटं पंचांसमक्ष जप्त केली. त्याचा चेहरा उतरला, आणि तो उतरला तेव्हा नजर मधल्या जॅकेटवर होती.

ठाण्यात बसवल्यावर मी त्याला धमकावलं नाही. उलट म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, तुम्ही जाणकार, जरा समजावून सांगा. ज्याला शहरात आपल्या ज्ञानाचं गिऱ्हाईक मिळत नाही, त्याला असं कुणी विचारलं की राहवत नाही. तो खुलला. लोकरीची कॉलर आणि पाठीला चुण्या असलेली धाटणी वेगळी, ती नौदलाच्या वैमानिकांची आणि बकऱ्याच्या कातड्याची. तिसरं मेंढीचं, मऊ, अलीकडचं, नुसती नक्कल. मधलं मात्र जुनं. त्याला ए-टू म्हणतात. शर्टासारखी साधी कॉलर, तिची टोकं टिचबटणांनी बसतात. खांद्यावर पट्ट्या. पाठ एकाच अखंड तुकड्याची. झाकणाचे दोन खिसे, पण त्यात बाजूने हात घालता येत नाही, कारण सैनिकाने खिशात हात घालून उभं राहू नये.

"आणि कातडं?" मी विचारलं.

"बहुतेक घोड्याचं असतं, साहेब. हात फिरवून बघा. बकऱ्याचं असतं तर बारीक दाणा हाताला लागला असता. हे गुळगुळीत, घट्ट, आणि कोपराला बघा कशा बारीक सुरकुत्या पडल्यात. असं आता मिळत नाही. परदेशातले शौकीन मागाल ती किंमत देतात."

"मग याला अस्तर नवं, चेन नवी, लोकरी पट्टी नवी, असं का?"

विकायला तयार करताना जुनं सगळं काढून टाकलं होतं. ओळखीच्या सगळ्या खुणा त्याच्याबरोबर गेल्या होत्या. उरलं होतं फक्त कातडं.

कागदावर माझी पंचाईत झाली होती. माझी खात्री मधल्या जॅकेटवर आणि फिर्यादीत बकरा. मी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. भिंग लावून त्यांनी बराच वेळ तिन्ही कातडी पाहिली. कमावलेल्या जुन्या कातड्यावरून छातीठोक सांगणं अवघड असतं, असं आधी म्हणाले. मग म्हणाले, "पण मधलं बकऱ्याचं नाही, एवढं मी लिहून देतो. केसांच्या छिद्रांची ठेवण घोड्याची आहे." पक्की तपासणी करायची तर तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. ते कापायचं माझ्या जिवावर आलं.

दुपारी बाईंना बोलावलं होतं; सोबत आलेल्या सासूबाई दाराशी बाकावर बसल्या होत्या. लोकरीच्या कॉलरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मेंढीचं बाजूला सारलं. मधल्यावर त्यांचा हात गेला आणि तिथेच राहिला. अस्तर परकं, पट्ट्या परक्या, तरी हात निघेना. तेवढ्यात डॉक्टर सहज म्हणाले, "हे घोड्याचं आहे बरं का, बाई."

त्यांनी हात झटकन मागे घेतला. "मग हे आमचं नाही," म्हणाल्या आणि डोळे पुसत निघून गेल्या.

इतकी वर्षं जबाब ऐकून माझे कान तयार झालेले. खरोखर नाही म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असं पाणी येत नाही. संध्याकाळी हवालदार आत आले. "साहेब, मास्तरीणबाई एकट्याच आल्यात. आजीला आणलं न्हाई."

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"साहेब, ते आमचंच आहे. मला पहिल्यापासून माहीत होतं की ते घोड्याचं. यांनीच सांगितलं होतं. पण आमच्या आत्याबाईंना..." सासूला त्या आत्याबाई म्हणायच्या. "खंडोबा आमचं दैवत. देवाचं वाहन घोडा. त्या माउलीने जन्मात घोड्याला पाय लागू दिला नाही, दारात घोडा आला तर कुंकू लावायच्या. हे सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी विचारलं, कातडं कशाचं रे? हे पटकन म्हणाले, बकऱ्याचं. बकरं देवाला चालतं. मग ते तसंच पुढे चाललं. आता मी कुठल्या तोंडानं सांगू, की तुम्ही इतकी वर्षं देवापुढं घोड्याचं कातडं ठेवत होता?"

मी त्यांना कायद्याची बाजू सांगितली. फिर्याद आणि माल जुळला नाही, तर दुकानदार न्यायालयात अर्ज करेल आणि जॅकेट सुपूर्दनाम्यावर, म्हणजे ताबापत्र लिहून घेऊन, त्याला मिळेल. मग ते कुठल्या देशात जाईल, सांगता येणार नाही. पुरवणी जबाब दिलात तर मार्ग निघेल. पण तो जबाब खटल्यात वाचला जाईल आणि आजी साक्षीदार आहेत, त्यांच्या कानावर जाणारच.

बाई म्हणाल्या, "जाऊ द्या मग. त्यांचं वय झालंय. लेक गेला ते त्यांनी सोसलं. हे नाही सोसणार." उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला धरून रडल्या. हवालदार उगाचच बाहेर जाऊन झाडाखालच्या मोटारसायकली मोजू लागले.

मालाची रीतसर ओळख दंडाधिकाऱ्यांपुढे व्हायची असते, म्हणून तहसील कार्यालयात नायब तहसीलदारांपुढे तारीख ठरली. सारख्या वस्तू मिसळून ठेवायच्या असा नियम. लातूरमध्ये वैमानिकांची जॅकेटं आणायची कुठून? दुकानदाराची उरलेली दोन आणि एका डॉक्टरांच्या मुलाची दोन, अशी जमवाजमव केली. बाई येणार नाहीत असंच मी धरून चाललो होतो. पण त्या आल्या, आणि त्यांच्या हाताला धरून आजी.

"ऐकतच नाहीत," बाई मला हळूच म्हणाल्या. "मला न्या, एवढंच धरून बसल्यात."

आधी आजींना आत बोलावलं. पोलिसांनी ओळखीच्या वेळी खोलीत थांबायचं नसतं, म्हणून मी, हवालदार आणि बाई बाहेर बाकावर बसलो. पण आजींना ऐकू कमी, त्यामुळे नायब तहसीलदार ओरडून विचारत होते आणि त्या त्याहून मोठ्याने उत्तर देत होत्या. सगळा व्हरांडा ऐकत होता.

"आजी, यात तुमच्या मुलाचं आहे का?"

टेबलावर जॅकेटं सरकवल्याचा आवाज आला. मग, "हे."

"कशावरून म्हणता?"

"वासावरनं. घोड्याचं कातडं हाय. पावसात भिजलं की घोड्यावानी वास मारतंय."

माझ्या शेजारी बाईंनी तोंडावर हात घेतला.

"पण फिर्यादीत तर बकऱ्याचं लिहिलंय, आजी."

"ते माज्या लेकानं सांगितलेलं. माजा बाप माळेगावच्या जत्रंत जल्मभर घोडी विकायचा. घोड्याच्या पाठीवर हात फिरवतच मी मोठी झाले. मला कळंना व्हय? मी भिईन म्हून तो बकऱ्याचं म्हणाला. मी म्हणाले, बरं."

नायब तहसीलदारांनी पेन खाली ठेवलं असावं, कारण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मग घोड्याचं कातडं तुम्ही देवापुढं ठेवायचा?"

"कुटं ठेवू मग? लेकरू ईमानापाशी काम करायचं. मला त्यातलं काय कळतंय? पर अंगावर देवाचं घोडं हाय, म्हून माजा जीव थंड राहायचा. सुट्टी संपली की निघायच्या आदी मी खिशाच्या झाकणाखाली भंडारा चोळायची. सायबलोकाला दिसू नये म्हून आतनं. बगा उलटून. असंल आजून शिवणीत."

"दिसत नाही, आजी. पुसलं गेलंय."

"दिसत नसंल तर चुना लावून बगा. हळद हाय ती, चुन्यानं लाल व्हती."

दार उघडलं. नायब तहसीलदारांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुणाकडे चुना आहे का?"

हवालदारांनी इतक्या अभिमानाने डबी कधी काढली नसेल. पंचांसमक्ष खिशाच्या झाकणाची आतली बाजू उलटली. कापसाचा बोळा ओला करून शिवणीत खोलवर फिरवला, तो पिवळट आला. त्यावर चुन्याचं पाणी टाकलं आणि बोळा कुंकवासारखा लाल झाला. दुकानदाराने अस्तर बदललं, चेन बदलली, पट्ट्या बदलल्या, पण कातड्याच्या दोन पदरांमधली ती शिवण उसवायची त्याला गरज वाटली नव्हती. बाकी चार जॅकेटांवर हाच प्रयोग केला, बोळा पांढराच राहिला. पंचनाम्यावर सह्या झाल्या. पुढे रासायनिक विश्लेषणातही तेच आलं, आणि दुकानदाराला चोरीचा माल घेतल्याबद्दल शिक्षा झाली.

आजी बाहेर आल्या तेव्हा बाई उभ्या होत्या, पण जागेवरून हलत नव्हत्या. आजींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"तुला बी ठावं व्हतं व्हय गं?"

बाईंनी मान हलवली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, आत्याबाई."

"आन् मी म्हणायचे, तुला वाईट वाटंल, नवरा लबाड बोलला म्हून." आजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी तहसीलच्या व्हरांड्यात, शिक्के मारून घ्यायला आलेल्या माणसांच्या गर्दीत, हसता हसता रडू लागल्या. हवालदारांनी गर्दीला उगाचच दटावलं.

माझा सगळा जन्म खोटं उघडं पाडण्यात गेला. खोटं बोलणारा माणूस कशाला तरी भितो किंवा त्याला काहीतरी लुबाडायचं असतं, असं मी नव्या फौजदारांना शिकवत असे. त्या दिवशी मला कळलं की माझ्या शिकवणीत एक रकाना रिकामा राहिला होता. काही खोटं माणसं एकमेकांच्या अंगावर पांघरूण घालावं तसं घालतात, आणि ज्याच्या अंगावर घातलंय तोही जागा असून डोळे मिटून पडून राहतो. तिथे पोलिसाने फार जोर लावू नये. त्यानंतर एखादा साक्षीदार उत्तरापूर्वी जरासा थांबला, की मी लगेच त्याला आरोपी समजायचं सोडून दिलं.

काही दिवसांनी न्यायालयाच्या आदेशाने जॅकेट सुपूर्दनाम्यावर द्यायचं होतं. आजी स्वतः ठाण्यात आल्या. अंगठा उमटवला, जॅकेट मांडीवर घेतलं आणि नव्या अस्तरावर नाराजीने हात फिरवला. निघताना माझ्या टेबलाशी थांबल्या.

"साहेब, एक इचारू? त्या पयल्या कागदावर बकऱ्याचं लिवलंय न्हवं?"

"हो, आजी."

"ते खोडू नका. माज्या लेकाचं बोलणं हाय ते."

मी उभा राहिलो. म्हटलं, "आजी, फिर्यादीत एकदा लिहिलेलं कुणालाच खोडता येत नाही. मलाही नाही." तो नियम मी शेकडो लोकांना वैतागून सांगितला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदाच आनंदाने सांगितला, आणि आजी समाधानाने मान हलवून सुनेचा हात धरून बाहेर पडल्या.